नोकरी गेली म्हणून ईएसआय लगेच जात नाही

पत्र कुपवाडहून एका ताईंचं आहे. यजमान ४८ वर्षांचे, एमआयडीसीतल्या फाउंड्रीत कंत्राटदाराकडे कामाला होते. पगार १९ हजार. सप्टेंबरअखेर काम गेलं. "ईएसआयचं कार्ड बंद झालं" (ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) असं कंत्राटदाराच्या माणसानं सांगितल्यावर ऑक्टोबरपासून औषधं मेडिकलमधून विकत सुरू झाली. महिन्याला पावणेपाच हजारांच्या आसपास जातात. बिलात आहे ते असं: शुगरसाठी एम्पाग्लिफ्लोझिन १० ची रोज एक गोळी, ग्लिमेपिराइड २ आणि मेटफॉर्मिन ५०० एसआर अशी जोडगोळी सकाळ-संध्याकाळ, रात्री ग्लार्जिन इन्सुलिन १६ युनिट (वापरून टाकायच्या पेनमधून), बीपीसाठी टेल्मिसार्टन ४०, कोलेस्टेरॉलसाठी अटोर्व्हास्टॅटिन १०, एक मल्टिव्हिटॅमिन कॅप्सूल आणि डायबेटिसवाल्यांसाठीच्या प्रोटीन पावडरचा डबा. पैसे पुरेनात म्हणून गेला महिनाभर गोळ्या एक दिवसाआड चालल्या आहेत, आणि बरं वाटतंय त्या रात्री इन्सुलिन टळतंय. ताईंचे प्रश्न दोन: यातली कोणती औषधं बंद केली तर चालेल? आणि नवीन मेडिक्लेम काढावा का?

ताई, आधी तुम्ही न विचारलेल्या गोष्टीबद्दल बोलू, कारण सगळ्यात मोठी बचत तिथेच आहे. कार्ड बंद झालं हे तुम्हाला कंत्राटदाराच्या माणसानं सांगितलं. ते ठरवणं त्याच्या हातात नाही.

ईएसआयचा हिशोब सहामाहीचा असतो. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर ही हप्ते भरायची एक सहामाही, १ ऑक्टोबर ते ३१ मार्च ही दुसरी. पहिल्या सहामाहीत भरलेल्या हप्त्यांचा लाभ पुढच्या १ जानेवारी ते ३० जून या काळात मिळतो, दुसऱ्या सहामाहीच्या हप्त्यांचा १ जुलै ते ३१ डिसेंबर या काळात. अट एकच, त्या सहामाहीत किमान ७८ दिवसांचे हप्ते भरलेले हवेत. तुमचे यजमान सप्टेंबरअखेरपर्यंत कामावर होते, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबरचे ७८ दिवस सहज भरतात. मधे फार खाडे नसतील तर येत्या ३० जूनपर्यंत त्यांना, आणि त्यांच्यावर अवलंबून म्हणून नाव लागलेल्या तुम्हाला व मुलांना, ईएसआयचे उपचार आणि औषधं मिळायला हवीत. आदल्या ऑक्टोबर ते मार्चमध्येही ७८ दिवस भरले असतील तर ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर हे महिनेही त्यात येतात. तसं असेल तर मेडिकलमध्ये गेलेले हे पैसे जायलाच नको होते.

तपासायचं असं. ईएसआयसीच्या (हा विमा चालवणाऱ्या महामंडळाच्या) पोर्टलवर विमाधारकाचं लॉगिन आहे, तिथे विमा क्रमांक टाकून कोणत्या महिन्यात किती दिवसांचे हप्ते जमा झाले आणि लाभ कधीपर्यंत आहे ते दिसतं. मोबाइल क्रमांक जुना असेल तर ओटीपी तिकडे जातो आणि गाडी अडते. अशा वेळी आधार कार्ड, ई-पहचान कार्ड आणि शेवटच्या सहा-सात महिन्यांच्या पगारपावत्या घेऊन ईएसआयच्या शाखा कार्यालयात जा, मोबाइल क्रमांक बदलून घ्या आणि तिथेच नोंद बघायला सांगा. फोनवर विचारायचं असेल तर १८०० ११ २५२६ हा टोल फ्री क्रमांक आहे.

दोन ठिकाणी अडतं. एक, कंत्राटदारानं पगारातून ईएसआयची कपात केली पण भरलीच नाही. कपात पगाराच्या पाऊण टक्का असते, म्हणजे १९ हजारांवर साधारण १४२ रुपये. मालकाचा वाटा सव्वातीन टक्के वेगळा. पगारपावतीवर कपात दिसते आणि पोर्टलवर तो महिना कोरा आहे, असं असेल तर पावत्यांच्या झेरॉक्स जोडून शाखा कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोचशिक्का घ्या. तोंडी सांगून काही होत नाही. दोन, दवाखान्यातला माणूस कॉम्प्युटरवर "नोकरी सोडली" एवढंच बघून परत पाठवतो. भांडत बसू नका. पोर्टलवरच्या लाभाच्या तारखांचं पान छापून न्या, आणि तरीही नाही म्हटलं तर त्याच कागदावर नकाराचं कारण लिहून मागा. लिहून द्यायची वेळ आली की बहुतेक ठिकाणी नोंद पुन्हा नीट बघितली जाते.

शाखा कार्यालयात अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचंही विचारा. काम गेलेल्या विमाधारकाला सरासरी रोजच्या पगाराच्या निम्मे पैसे, जास्तीत जास्त ९० दिवसांचे, आयुष्यात एकदाच मिळतात. काम गेल्यावर ३० दिवसांनी अर्ज करता येतो. किमान दोन वर्षांची विमा असलेली नोकरी लागते, शिवाय हप्त्यांच्या दिवसांच्या अटी आहेत. तुमच्या पगारावर दिवसाला तीनशेच्या आसपास, म्हणजे सगळे मिळून पंचवीस हजारांच्या पुढे जाईल. ही योजना मुदतवाढीवर चालत आली आहे, तेव्हा अर्ज भरण्याआधी ती सुरू आहे ना एवढं विचारून घ्या. गैरवर्तनावरून काढलं असेल किंवा स्वेच्छानिवृत्ती असेल तर पैसे मिळत नाहीत. म्हणून हिशोबाच्या वेळी कंत्राटदार कोऱ्या कागदावर किंवा तयार राजीनाम्यावर सही मागत असेल तर यजमानांनी ती करू नये.

आता तुमचा खरा प्रश्न, काय बंद करू.

प्रोटीन पावडर आजच बंद करा. त्या डब्याला सातशे रुपये लागतात आणि त्यानं शुगर कमी होत नाही. मूग, मटकी, हरभरा, शेंगदाणे, ताक, परवडेल तेव्हा अंडं, यातून तेवढं प्रथिन कितीतरी स्वस्तात पोटात जातं. शुगर-फ्री बिस्किटं येत असतील तर तीही थांबवा, मैदा तो मैदाच. मल्टिव्हिटॅमिन कॅप्सूलही बाजूला ठेवता येईल, पण एक बघून. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी होतं. पायांना मुंग्या येत असतील, तळवे बधिर वाटत असतील तर डॉक्टरांना सांगा आणि नुसती बी-१२ ची साधी गोळी लिहून घ्या, बारा भानगडींची महागडी कॅप्सूल नको.

बाकीचं एकही औषध तुमच्या मनानं बंद करायचं नाही. किंमत कमी करायची, डोस नाही.

एक दिवसाआड गोळ्या घेण्यानं काय होतं ते समजून घ्या. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, टेल्मिसार्टन यांचा असर साधारण दिवसभराचा. मधल्या दिवशी शुगर आणि बीपी दोन्ही मोकाट सुटतात, आणि माणसाला ते जाणवत नाही. शुगर २५०–३०० असतानाही "आज बरं वाटतंय" असं वाटू शकतं. शरीर त्या आकड्याला सरावतं. त्यामुळे बरं वाटतंय की नाही यावरून इन्सुलिन ठरवायचं नसतं. त्यात यजमानांना एम्पाग्लिफ्लोझिन आहे, ते आणखी धोक्याचं. ही गोळी लघवीवाटे साखर बाहेर टाकते. ती चालू ठेवून इन्सुलिन टाळलं, वर उपास घडला किंवा उलट्या-जुलाब झाले, तर रक्तात कीटोन नावाची आम्लं साठू शकतात, आणि मशिनवर शुगर फार मोठी न दिसताही माणूस गंभीर होऊ शकतो. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं, ग्लानी, यातलं काही दिसलं तर मशिनवरच्या आकड्याची वाट बघू नका, १०८ ला फोन करून सिव्हिल गाठा. उलट्या-जुलाब चालू असतील किंवा जेवण बंद पडलं असेल तेव्हा ही गोळी आणि मेटफॉर्मिन त्या दिवसापुरती थांबवावी का, हे डॉक्टरांना आजच विचारून चिठ्ठीवर लिहून ठेवा. रात्री दोन वाजता ते विचारायला कोणी सापडत नाही.

ग्लिमेपिराइडची गोष्ट उलटी. ती घेतली आणि जेवण टळलं तर शुगर खाली जाते: घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, बोलणं असंबद्ध. घरात तंगी असली की पुष्कळदा कर्ता माणूसच सकाळचं जेवण टाळतो. गोळी घेतली की जेवण झालंच पाहिजे, मग ते भाकरी-आमटी का असेना. कामाच्या शोधात बाहेर पडताना खिशात साखरेची पुडी असू द्या. अशी लक्षणं दिसली तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, आणि मग जेवण.

ईएसआयकडून औषध मिळेपर्यंत, किंवा तिथे एखादं औषध नसेल तेव्हा, बिल कसं उतरवायचं?

सगळ्यात जड ओळ एम्पाग्लिफ्लोझिनची आहे. तुमच्या बिलावर एका गोळीचे ५८ रुपये लागलेत, महिन्याचे १,७४०. या औषधाचं भारतातलं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं आणि बऱ्याच भारतीय कंपन्यांनी तीच गोळी बाजारात आणली. आज ती दहा-पंधरा रुपयांत, काही कंपन्यांची त्याहूनही कमीत मिळते. तुम्ही जुन्याच ब्रँडचे पैसे मोजताय, कारण चिठ्ठीवर तो ब्रँड लिहिलेला आहे. लिहिलेल्या ब्रँडऐवजी दुसरा देणं मेडिकलवाल्याला नियमानं चालत नाही, म्हणून त्याच्याशी घासाघीस करून उपयोग नाही. डॉक्टरांकडून नवीन चिठ्ठी घ्या आणि औषधाचं मूळ नाव व ताकद लिहून मागा. मराठीतच सांगा, "नोकरी गेलीय, जेनेरिक नावानं लिहून द्या." यात लाजण्यासारखं काही नाही, आणि हे ऐकण्याची डॉक्टरांना सवय आहे. त्याच वेळी हेही विचारा, की ही गोळी फक्त शुगरसाठी आहे की हृदय किंवा किडनीसाठीही. फक्त शुगरसाठी असेल तर डॉक्टर तिच्याजागी दुसरं काही सुचवू शकतात. उदाहरणार्थ, जनऔषधी केंद्रात (सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानात) सिटाग्लिप्टिन ५० या शुगरच्याच औषधाच्या दहा गोळ्या २०२२ मध्ये ६० रुपयांना आल्या, त्याचंही पेटंट त्याच वर्षी संपलं होतं. पण हृदय-किडनीचा त्रास असेल तर एम्पाग्लिफ्लोझिनच ठेवायचं, स्वस्त ब्रँडचं.

जोडगोळी, टेल्मिसार्टन आणि अटोर्व्हास्टॅटिन ही सगळी जनऔषधी केंद्रात मिळणारी औषधं आहेत, दहाच्या पट्टीला साधारण दहा-वीस रुपये. तुमच्या बिलावर या तिन्हींचे मिळून नऊशेच्या वर लागलेत. ते दोनशेच्या आत यावेत. सांगली-मिरजेत जनऔषधी केंद्रं आहेत. जवळचं कुठलं आणि कुठल्या औषधाचा काय भाव, हे "जनऔषधी सुगम" या ॲपवर घरबसल्या दिसतं; फोन १८०० १८० ८०८०. जाण्याआधी केंद्राला फोन करून माल आहे का विचारा, संपलेला असतो. तिथला माणूस "हे नाही, ते घ्या" म्हणाला तर पट्टीवरचं नाव चिठ्ठीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. मेटफॉर्मिनपुढे "एसआर" लिहिलंय ना, ग्लिमेपिराइड १ की २, एवढं तरी नक्की. आणि हो, एसआर गोळी मोडून किंवा कुटून घ्यायची नाही. ती हळूहळू सुटायला बनवलेली असते, मोडली की सगळं औषध एकदम सुटतं. मोठ्या ताकदीची गोळी आणून अर्धी करायची युक्ती साध्या ग्लिमेपिराइडला चालते, जोडगोळीला नाही.

आता इन्सुलिन. इथे बचत मोठी आहे आणि चूकही मोठी होऊ शकते, म्हणून सावकाश वाचा.

१६ युनिट रोज म्हणजे महिन्याला ४८०. पेनमध्ये दर वेळी सुई तपासायला दोन युनिट उडवावे लागतात, ते ६०. एका पेनमध्ये ३०० युनिट, तेव्हा महिन्याला दोन पेनं, तुमच्या बिलाप्रमाणे चौदाशे रुपये. पहिली पायरी सोपी: वापरून टाकायच्या पेनाऐवजी पुन्हा वापरता येणारं पेन आणि त्यात बसणारी ग्लार्जिनची कार्ट्रिज (संपली की बदलायची औषधाची नळी), भारतीय कंपनीची. औषध तेच, पैसे कमी. पेन आणि कार्ट्रिज एकाच कंपनीची हवीत, दुसऱ्याची नीट बसत नाही आणि डोस चुकतो.

दुसरी पायरी साध्या ह्यूमन इन्सुलिनच्या बाटलीची. रात्रीच्या एका इंजेक्शनसाठी डॉक्टर एनपीएच नावाचं दुधाळ इन्सुलिन देऊ शकतात. १० मिलीची बाटली दीडशे ते दोनशे रुपयांच्या घरात मिळते, आणि सरकारी दवाखान्यात मिळायची शक्यता सगळ्यात जास्त याचीच. ते ग्लार्जिनइतकं सपाट चालत नाही, मध्यरात्रीनंतर त्याचा जोर वाढतो. डोस तोच राहील असं धरू नका. डॉक्टर बहुधा थोडा कमी करून सुरू करतात. पहिल्या आठवड्यात दोन-तीनदा रात्री तीनच्या सुमारास शुगर तपासा, ७० च्या खाली आली तर साखर द्या आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना कळवा. इंजेक्शनआधी बाटली दोन्ही तळव्यांत दहा-वीसदा हलकी फिरवायची, गदगदा हलवायची नाही. फिरवूनही गुठळ्या किंवा काचेला पांढरा थर राहिला तर ती बाटली बाद.

आणि सिरिंज. आपल्याकडच्या इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक १ मिलीला ४० युनिटच्या असतात, पेन आणि कार्ट्रिज १ मिलीला १०० युनिटच्या. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. ४० च्या बाटलीतून केशरी सिरिंजनं १६ च्या रेघेपर्यंत ओढलं तर पोटात जातात फक्त साडेसहा युनिटच्या आसपास. उलट, पेन बिघडलं म्हणून त्यातलं औषध लाल सिरिंजनं १६ पर्यंत ओढलं तर जातात ४०, आणि ते जिवावर बेतू शकतं. पेनमधून सिरिंजनं औषध कधीही काढू नका. बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग मेडिकलच्या काउंटरवरच एकदा जुळवून घ्या. ४०० युनिटची बाटली १६ च्या हिशोबानं २५ दिवस पुरते. फोडल्यापासून २८ दिवसांत संपवायची असते, म्हणजे वाया काही जात नाही. बाटलीवर फोडल्याची तारीख पेनानं लिहा. न फोडलेली बाटली फ्रीजच्या दारात, बर्फाच्या कप्प्याजवळ अजिबात नको. गोठलेलं इन्सुलिन वितळून पुन्हा कामाला येत नाही. एप्रिल-मेमध्ये लाइट जास्त वेळ गेली तर घट्ट झाकणाच्या डबीत घालून डबी पाण्याच्या माठात ठेवा. गाडीच्या डिकीत मात्र दहा मिनिटंही नको.

सरकारी दवाखान्यांचं थोडक्यात. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, बीपीच्या साध्या गोळ्या मिळतात. तिथे शुगर-बीपीची नोंद करून घ्या. इन्सुलिन लागत असल्यामुळे सांगलीच्या वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात किंवा मिरजेच्या शासकीय रुग्णालयात मेडिसिनच्या ओपीडीत जावं लागेल. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. सांगली-मिरजेची ही दोन रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाची, त्यामुळे तिथे केसपेपरचे थोडे पैसे लागतील. सकाळी लवकर, उपाशीपोटी, जुन्या सगळ्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या घेऊन जा, सकाळची गोळी आणि डबा बरोबर ठेवा, रक्त दिल्यावर घ्यायला. एखादं औषध "बाहेरून आणा" म्हणून लिहिलं तर तीच चिठ्ठी जनऔषधीत चालते, समोरच्या मेडिकलमध्येच जायला हवं असं नाही.

मेडिक्लेमचं म्हणाल तर आत्ता नको. बहुतेक मेडिक्लेम दाखल झाल्याचा खर्च देतात, महिन्याच्या गोळ्यांचा नाही. आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंतची थांबण्याची अट असू शकते, आणि डायबेटिस लपवून पॉलिसी काढली तर नेमका क्लेमच्या वेळी नकार मिळतो. दाखल व्हायची वेळ आलीच, पायाची जखम चिघळली, हृदयाचं काही निघालं, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि ती आता सर्व रेशनकार्डधारकांना लागू आहे. रेशनकार्डावर यजमानांचं नाव आणि आधार जुळतंय का ते आत्ताच बघा, चौकशीसाठी १५५३८८.

उद्या सकाळी पहिली फेरी ईएसआयच्या शाखा कार्यालयाची. आज रात्रीपासून इन्सुलिन आणि गोळ्या रोजच्या रोज, ठरल्या डोसानं. महिनाभर अर्धवट चालल्यानंतर पूर्ण डोस सुरू होतोय, तेव्हा पहिले चार दिवस सकाळी उपाशीपोटी आणि रात्री झोपताना शुगर बघून वहीत लिहा. ती वही डॉक्टरांपुढे ठेवा आणि गोळ्या चुकवल्या होत्या हे त्यांना स्पष्ट सांगा. नाहीतर वाढलेली शुगर बघून ते डोस वाढवतील, आणि औषध नियमित सुरू झाल्यावर तोच डोस जड जाईल.